मेसरश्मिट १०९ : फोटोवरून उपप्रकार ठरवताना आधी काय बघायचं, नंतर काय

नाकावर फुगवटा दिसला की जी-६, कमी पट्ट्यांची कॅनॉपी (वैमानिकाच्या डोक्यावरचं काचेचं झाकण) दिसली की जी-१४, उंच शेपटी दिसली की के-४. दुसऱ्या महायुद्धातल्या या जर्मन लढाऊ विमानाच्या फोटोखाली बहुतेक वेळा अशाच एका खुणेवरून नाव चिकटवलेलं असतं, आणि ते बहुतेक वेळा चुकतं. या खुणा खोट्या नसतात, बघण्याचा क्रम चुकलेला असतो. कॅनॉपी तळावरच्या मेकॅनिकला बदलता यायची. पंखाचं टोक गोल की चौकोनी, हे मात्र कारखान्यातच ठरायचं. म्हणून जे बदलणं सर्वांत अवघड ते आधी बघायचं आणि जे सहज बदलतं ते शेवटी. खालचे सगळे टप्पे याच क्रमाने लावले आहेत. मधला टप्पा गाळून पुढे गेलात, तर पुढच्या खुणा तुम्हाला हवं तेच सांगायला लागतील.

लेखात ई, एफ, जी आणि के या मालिकांवर भर आहे. बी, सी आणि डी एका परिच्छेदात उरकतात.

## तयारी

फोटोची मिळेल तितकी मोठी, मूळच्या जवळची प्रत घ्या. संगणकाने ‘सुधारलेला’ किंवा रंगवलेला फोटो वापरू नका. धूसर फोटो आपोआप रेखीव करणारी साधनं पत्र्याचे जोड आणि रिव्हेट स्वतःच कल्पून भरतात, आणि आपल्याला नेमके तेच जोड मोजायचे असतात.

कागदावर तीन रकाने आखा : ‘आहे’, ‘नाही’ आणि ‘दिसत नाही’. तिसरा रकाना सर्वांत महत्त्वाचा. पंखाची वरची बाजू फोटोत आलेलीच नसेल, तर चाकाचा फुगवटा ‘नाही’ असं लिहायचं नाही, ‘दिसत नाही’ असं लिहायचं. निम्म्या चुका या दोन रकान्यांच्या घोळातून होतात.

मग फोटो उलटा छापलेला नाही ना, ते बघा. जुन्या निगेटिव्ह उलट्या बाजूने छापल्या गेल्याची उदाहरणं कमी नाहीत. खात्रीच्या खुणा अशा :

- सुपरचार्जरचं (इंजिनात जादा हवा दाबून भरणाऱ्या यंत्राचं) हवेचं तोंड नेहमी विमानाच्या डाव्या बाजूला असतं.
- कॅनॉपी उजवीकडे बिजागरीवर उघडते. वैमानिक डाव्या पंखावरून चढतो.
- इंजिन सुरू करायचा हातदांडा उजव्या बाजूला लागतो.
- शेपटीवरचं नाझी स्वस्तिक दोन्ही बाजूंना एकाच दिशेने वळलेलं असतं. ते उलटं दिसलं, तर फोटो उलटा आहे.

तपासणी : ‘डावी’, ‘उजवी’ हे शब्द नेहमी वैमानिकाच्या बसण्यावरून धरा, फोटो बघणाऱ्याच्या बाजूने नाही. कागदावर वरच लिहून ठेवा : ‘फोटोत विमानाची अमुक बाजू दिसते.’ उजवी बाजू असेल, तर सुपरचार्जरच्या तोंडाबद्दलचं सगळं ‘दिसत नाही’मध्ये.

## टप्पा १ : हे खरंच जर्मन १०९ आहे का?

हा टप्पा हास्यास्पद वाटतो, म्हणूनच गाळला जातो. युद्धानंतर स्पेनने याच सांगाड्यावर रोल्स-रॉइस मर्लिन इंजिन बसवून ‘बुचोन’ बनवलं. हवाई प्रदर्शनांत आणि चित्रीकरणात जर्मन रंग देऊन उडवलेली अनेक विमानं प्रत्यक्षात बुचोन असतात. फरक एका नजरेत कळतो. डायम्लर-बेन्झची डीबी ६०१ आणि डीबी ६०५ ही इंजिनं उलटी, म्हणजे सिलिंडर खाली तोंड करून, बसवलेली होती. म्हणून एक्झॉस्टच्या नळ्या नाकाच्या खालच्या भागात, पंखाच्या पातळीच्या जरा वर येतात. मर्लिन सरळ बसतं, त्यामुळे बुचोनवर त्याच नळ्या नाकाच्या वरच्या कडेला दिसतात. शिवाय पुढचा पंखा (प्रोपेलर) चार पात्यांचा आणि हनुवटी, म्हणजे नाकाची खालची बाजू, लोंबलेली.

चेकोस्लोव्हाकियाच्या अविया एस-१९९ वर युमो २११ इंजिन होतं. तेही उलटंच, त्यामुळे एक्झॉस्टवरून ते सुटून जातं. तिथे पंख्याची पाती बघा : वल्ह्यासारखी रुंद असतात.

पंखा दोन पात्यांचा आणि हनुवटीखाली एक मोठा, खोल रेडिएटर असेल, तर विमान बी, सी किंवा डी आहे. या तिन्हींवर युमो २१० इंजिन होतं. इथे थांबायला हरकत नाही.

सावधान : पंखा फिरत असेल, तर पाती मोजायला जाऊ नका. रेडिएटर हनुवटीखाली आहे की पंखांखाली, एवढंच बघा. ई पासून पुढे पाण्याचे रेडिएटर पंखांखाली गेले आणि हनुवटीखाली फक्त ऑइल कूलर राहिला.

## टप्पा २ : सांगाडा. ई की त्यापुढचं?

इथे तीन गोष्टी आहेत आणि तिन्ही तळावर बदलता येण्यासारख्या नाहीत.

आडव्या शेपटीखालचा टेकू. ई पर्यंत आडव्या शेपटीपंखाला खालून तिरकी दांडी असते. एफ पासून दांडी गेली. फोटोत ही दांडी स्पष्ट दिसली, तर पुढच्या खुणा काहीही म्हणोत, विमान एफ, जी किंवा के नाही.

पंखाचं टोक. ई चं टोक तोडल्यासारखं चौकोनी, एफ पासून पुढे गोल. लांबी मोजून फरक काढायचा प्रयत्न व्यर्थ आहे : ई ९.८७ मीटर, एफ आणि जी ९.९२ मीटर. आकार बघायचा.

नाकाचा घाट. ई चं नाक कोनदार, स्पिनर (पंख्याच्या मध्यावरची टोपी) लहान, आणि स्पिनर व काउलिंग (इंजिनावरचं पत्र्याचं आवरण) यांच्या रेषा नीट जुळत नाहीत. एफ पासून स्पिनर मोठा होऊन काउलिंगमध्ये वाहत गेल्यासारखा मिसळतो.

तिन्हींपैकी किमान दोन दिसल्या पाहिजेत. एकच दिसत असेल, तर निष्कर्षापुढे प्रश्नचिन्ह टाकून पुढे जा.

सावधान : ई च्या स्पिनरला समोर भोक असतं. त्यातून तोफ डागली जायची, असं समजून अनेक जण विमान एफ ठरवतात. ई वर अशी तोफ सेवेत कधी बसलीच नाही. भोक होतं, तोफ नव्हती.

## टप्पा ३ : ई च्या आत

ई-१ आणि ई-३ मधला फरक पंखांत आहे. ई-१ च्या पंखांत ७.९२ मिमीच्या एमजी १७ बंदुका, म्हणून पंखाच्या पुढच्या कडेला फक्त लहान छिद्रं. ई-३ च्या पंखांत २० मिमीच्या एमजी एफएफ तोफा. त्यांच्या नळीचं आखूड टोक कडेबाहेर येतं, आणि गोळ्यांच्या ६० नगांच्या ड्रमसाठी पंखाच्या खालच्या बाजूला फुगवटा असतो. विमान जमिनीवर उभं असताना खालचा फुगवटा सावलीत हरवतो. तेव्हा नळीच्या टोकावर भरवसा ठेवा.

ई-३ आणि ई-४ वेगळे करताना मात्र सगळेच घसरतात. ई-४ ची तोफ एमजी एफएफ/एम, आणि बाहेरून ती एमजी एफएफसारखीच दिसते. ई-४ ला जाड पट्ट्यांची, चौकोनी ठेवणीची कॅनॉपी आली. पण हीच कॅनॉपी जुन्या ई-१ आणि ई-३ वरही मागाहून बसवली गेली. म्हणजे गोल कॅनॉपी आणि तोफांची टोकं असतील, तर ‘बहुधा ई-३’ म्हणता येतं. चौकोनी कॅनॉपी आणि टोकं असतील, तर फक्त ‘ई-३ किंवा ई-४’. ई-७ पोटाखाली ३०० लिटरची जादा टाकी नेऊ शकायचं. मात्र पोटाखाली टांगण्याची कमान दिसली, एवढ्यावर ई-७ ठरत नाही, कारण ई-१/बी आणि ई-४/बी या बॉम्बवाहू विमानांनाही कमान होती.

तपासणी : डाव्या बाजूला कॉकपिटमागे इंधनाच्या तोंडाशी पिवळा त्रिकोण असतो. त्यात इंधनाचा ऑक्टेन आकडा ८७ ऐवजी १००, किंवा त्याच इंधनाचं नाव सी३, असं लिहिलेलं वाचता आलं, तर इंजिन बहुधा डीबी ६०१एन आहे, म्हणजे ई-४/एन सारखी आवृत्ती. फोटोत हा त्रिकोण वाचता येणं दुर्मीळ, पण वाचता आला तर सोन्यासारखा.

## टप्पा ४ : एफ की सुरुवातीचं जी?

खरी कसोटी इथे लागते. एफ-४ आणि जी-२ लांबून जुळे भाऊ दिसतात. दोघांचंही काउलिंग गुळगुळीत, शेपटी आखूड, पंखांत बंदुका नाहीत. दोन जागांवर नजर रोखा.

पहिली जागा विंडस्क्रीनचा खालचा कोपरा. एफ वर समोरच्या काचेच्या खाली, दोन्ही बाजूंना, लहान त्रिकोणी काचा असतात. जी वर त्या नाहीत, तिथे पत्रा आहे. फोटो मोठा करून फक्त तेवढा कोपरा बघा. काच असेल तर प्रकाश आरपार येतो किंवा चकाकी दिसते, पत्रा असेल तर विमानाचाच रंग तिथवर चढलेला असतो.

दुसरी जागा स्पिनरच्या लगेच मागे. जी च्या डीबी ६०५ साठी काउलिंगवर, स्पिनरच्या मागे, हवेची लहान टोपणं आली : दोन्ही बाजूंना दोन-दोन, एकूण चार. बोटाच्या पेरासारखी बाहेर आलेली दिसतात. बाजूने घेतलेल्या फोटोत वरचं टोपण आकाशाच्या पार्श्वभूमीवर सहज उठून दिसतं.

दोन्ही खुणा एकाच दिशेने बोलल्या, तर मालिका पक्की.

एफ च्या आत एफ-१ वर इंजिनातून डागणारी तोफ २० मिमीची एमजी एफएफ/एम, एफ-२ वर १५ मिमीची एमजी १५१, एफ-४ वर २० मिमीची एमजी १५१/२०. हा फरक स्पिनरच्या भोकातून दिसत नाही, त्यामुळे तो शोधत बसू नका. एफ-२ चं इंजिन डीबी ६०१एन, १०० ऑक्टेनचं इंधन पिणारं. एफ-४ चं डीबी ६०१ई, ८७ ऑक्टेनवर चालणारं. म्हणून इथेही पिवळा त्रिकोण उपयोगी पडतो. एफ च्या सुरुवातीच्या काही विमानांची शेपटी हवेत तुटली होती. त्यावर इलाज म्हणून शेपटीच्या जोडावर बाहेरून लहान पट्ट्या ठोकल्या गेल्या. त्या दिसल्या, तर विमान सुरुवातीचं एफ असण्याकडे पारडं झुकतं.

जी-१ आणि जी-२ मध्ये फरक कॉकपिटचा आहे. जी-१ चं कॉकपिट हवाबंद, त्यामुळे काचांच्या थरांमधली ओल शोषायला सिलिका जेलच्या बारीक कुप्या बसवलेल्या असतात. जवळून घेतलेल्या फोटोत काचेच्या कडेला ठिपका दिसतो.

## टप्पा ५ : चाकं आणि पंखावरचे फुगवटे

विमानाचं वजन वाढत गेलं, चाकं मोठी झाली, आणि पंखातला खड्डा तेवढाच राहिला. मग पत्रा वर फुगवावा लागला. एवढं कारण ध्यानात ठेवलं, तर या टप्प्यातल्या खुणा पाठ कराव्या लागत नाहीत.

- ६५०×१५० चं चाक : पंखाची वरची बाजू सपाट. ई, एफ, जी-२.
- ६६०×१६० चं चाक : चाकाच्या जागी वर लहान, लांबट थेंबासारखा फुगवटा. जी-४ पासून.
- ६६०×१९० चं चाक : मोठा, जवळजवळ आयताकृती, चपटा फुगवटा. के-४ वर सरसकट, उशिराच्या जी विमानांवर काहींना.

मागचं चाकही असंच वाढलं. जी-२ पर्यंत २९०×११०, जी-४ पासून ३५०×१३५. मोठं चाक खाचेत बसेना, म्हणून आत ओढायची यंत्रणा तोडून ते कायमचं बाहेर ठेवलं. म्हणजे ई चं मागचं चाक स्थिर, एफ आणि जी-२ चं आत जाणारं, जी-४ पासून पुन्हा स्थिर, आणि के-४ ला पुन्हा आत जाणारं, उंच, दोन झडपांचं.

सावधान : जमिनीवर उभ्या विमानाचं मागचं चाक बाहेरच असणार! त्यावरून ‘स्थिर चाक’ असं लिहू नका. चाकाचा आकार आणि मागची खाच बघा.

जी-२ आणि जी-४ चा वाद चाकांवर मिटत नाही, कारण जी-२ विमानांना मोठी चाकं मागाहून लावली गेली. तिथे रेडिओची तार बघा. जी-४ ला फूग ७ ऐवजी फूग १६ रेडिओ आला आणि पाठीवर तार आत शिरण्याची जागा शेपटीकडे, सातव्या आणि आठव्या चौकटीच्या मधे, सरकली.

चौकटी मोजायची पद्धत अशी : कॉकपिटच्या मागून शेपटीकडे जाताना धडावर उभे जोड दिसतात. धड पत्र्याच्या रिंगांसारख्या तुकड्यांचं आहे आणि दर तुकड्याला एक जोड. पेन्सिलने प्रत्येक जोडावर आकडा घाला. अंदाजाने मोजू नका, एक जोड चुकला की पुढचा सगळा हिशेब बिघडतो.

## टप्पा ६ : नाकावरचे फुगवटे. इथे घाई करायची नाही

जी-६ वर इंजिनावरच्या ७.९२ मिमीच्या एमजी १७ जाऊन १३ मिमीच्या एमजी १३१ आल्या. मोठ्या बंदुकांचा मागचा भाग काउलिंगमध्ये मावेना, म्हणून विंडस्क्रीनच्या पुढे दोन्ही बाजूंना गोलसर फुगवटे आले. जर्मन लोक त्यांना ‘बॉयले’ म्हणत, म्हणजे टेंगूळ. टेंगूळ दिसलं की विमान जी-५, जी-६ किंवा जी-१४. बाकीचं पुढे.

टेंगूळ नाही, याचे मात्र दोन अगदी वेगळे अर्थ निघतात, आणि सर्वांत महागात पडणारी चूक इथेच होते. एक तर विमान जी-४ किंवा त्याआधीचं आहे, किंवा ते अगदी उशिराचं आहे. डीबी ६०५एएस आणि डीबी ६०५डी इंजिनांना मोठा सुपरचार्जर होता. तो सामावण्यासाठी काउलिंगच नव्याने घडवलं गेलं आणि टेंगळं त्या मोठ्या, वाहत्या फुगवट्यात विरून गेली. बाजूने नाक गुळगुळीत दिसतं, पण ते सडपातळ नसतं, गुबगुबीत असतं. डाव्या आणि उजव्या बाजूचा घाटही सारखा नसतो. खाली ऑइल कूलरही जास्त खोल, एफओ ९८७ प्रकारचा.

म्हणून ‘टेंगूळ नाही’ असं लिहिल्यावर लगेच शेपटी आणि कॅनॉपी बघा. आखूड शेपटी, जाड पट्ट्यांची कॅनॉपी आणि उथळ ऑइल कूलर असेल, तर जी-२ किंवा जी-४. उंच शेपटी, मोकळी कॅनॉपी आणि खोल कूलर असेल, तर जी-१४/एएस, जी-१० किंवा के-४. जी-६/एएस मधेच कुठेतरी बसतं.

आता जी-१४/एएस की जी-१०? काउलिंगच्या खालच्या पुढच्या भागात, ऑइल कूलरच्या पुढे, दोन्ही बाजूंना लिंबाएवढे लहान उंचवटे दिसले, तर इंजिन डीबी ६०५डी, म्हणजे जी-१० किंवा के-४. दिसले नाहीत, म्हणून जी-१० नाही असं होत नाही : एर्ला कारखान्याच्या जी-१० वर हे उंचवटे नव्हतेच. एर्लाचं जी-१० आणि जी-१४/एएस बाहेरून वेगळं काढणं कारखाना क्रमांकाशिवाय धोक्याचं आहे.

तपासणी : आकड्यांच्या क्रमाने काळ चालत नाही. जी-१४ जुलै १९४४ च्या सुमारास आलं, जी-१० त्यानंतर, त्याच वर्षाच्या शरदात, के-४ च्या जोडीने. फोटोची तारीख पक्की असेल, तर तिचा उपयोग नकारासाठी करा. १९४३ च्या फोटोत जी-१० असू शकत नाही. ‘१९४५ चा फोटो, म्हणून के-४’ हा तर्क मात्र चालत नाही.

## टप्पा ७ : जी-१० की के-४

हे शेवटचं मोठं कुलूप. चार किल्ल्या :

१. पाठीवरचं दिशाशोधक कडं. जी वर ते कॉकपिटच्या मागे दुसऱ्या आणि तिसऱ्या चौकटीच्या मधे, के-४ वर एक चौकट मागे, तिसऱ्या आणि चौथ्याच्या मधे.

२. डाव्या बाजूची रेडिओची झडप. के-४ वर ती जी च्या मानाने पुढे आणि वर आहे.

३. मुख्य चाकाची बाहेरची झाकणं. के-४ ला चाक पूर्ण झाकणारी झडप पंखात होती. चिखलात त्रास नको म्हणून ती बरेचदा काढून टाकत, त्यामुळे ‘नाही’ला किंमत नाही, ‘आहे’ला आहे.

४. मागचं उंच, आत जाणारं चाक आणि त्याच्या दोन झडपा.

पहिल्या दोन किल्ल्यांना जास्त वजन द्या, कारण त्या सांगाड्याच्या आहेत. पंखावरचा मोठा आयताकृती फुगवटा या कामी वापरू नका. तो जी-१० वरही सापडतो.

## टप्पा ८ : कॅनॉपी, शेपटी, टांगलेलं सामान

आता कुठे कॅनॉपीची पाळी. १९४३ च्या अखेरीपासून आलेली, मधल्या पट्ट्या नसलेली मोकळी कॅनॉपी म्हणजे ‘एर्ला हाउबे’. ती जी-६ वरही बसली, जी-१४ वरही. वैमानिकाच्या डोक्यामागची चिलखती काचही तशीच, मागाहून लागणारी. उंच लाकडी शेपटी १९४४ पासून जी-६ वरही येऊ लागली. म्हणून टेंगूळ, एर्ला हाउबे आणि उंच शेपटी असं त्रिकूट दिसलं की ‘जी-१४’ लिहायचा मोह होतो, आणि उत्तर मात्र ‘उशिराचं जी-६ किंवा जी-१४’ हेच असतं. जी-१४ चं मुख्य वेगळेपण म्हणजे मेथॅनॉल आणि पाण्याचं एमडब्ल्यू ५० मिश्रण इंजिनात सोडण्याची सोय. ती पत्र्याआड असते.

नावामागचे तिरक्या रेघेनंतरचे शब्द सर्वांत शेवटी जोडा. पंखांखाली दोन लांबट तोफपेट्या म्हणजे जी वर आर६. पोटाखाली ३०० लिटरची टाकी म्हणजे आर३. सुपरचार्जरच्या तोंडावर लांब नळकांड्यासारखी वाळूची गाळणी म्हणजे ट्रॉप. गाळणी काढलेली असली, तरी एफ आणि जी च्या ट्रॉप विमानांवर डाव्या बाजूला, कॉकपिटच्या खाली, उन्हाची छत्री अडकवायचे दोन लहान खुंट राहतात. वाळवंटात उभ्या विमानात बसून राहणाऱ्या वैमानिकाची ती सोय. यू४, म्हणजे स्पिनरमधली ३० मिमीची एमके १०८ तोफ, फोटोवरून ठरवू नका.

## टप्पा ९ : कारखाना क्रमांक

शेपटीच्या उभ्या पंखावर बारीक आकड्यांत कारखाना क्रमांक, जर्मनमध्ये ‘व्हेर्कनुमर’, असतो. वाचता आला, तर वरच्या सगळ्या निष्कर्षांची परीक्षा त्याच्यावर घ्या. ६१० ने सुरू होणारा सहा आकडी क्रमांक व्हिएनर नॉयश्टाटच्या गटाच्या जी-१० चा, ४९० आणि ४९१ एर्लाच्या जी-१० चे, ३३० ते ३३५ रेगेन्सबुर्गच्या के-४ चे. अमेरिकेत डेटनच्या हवाई दलाच्या संग्रहालयातलं जी-१० क्रमांक ६१०८२४ चं आहे, म्हणजे पहिल्या गटातलं. ब्रिटनच्या रॉयल एअर फोर्स संग्रहालयातलं ‘ब्लॅक ६’ हे जी-२/ट्रॉप १०६३९ क्रमांकाचं : पाच आकडी, कारण सहा आकडी क्रमांक पुढे आले.

सावधान : ३ आणि ८, ० आणि ६ यांची फोटोत गल्लत होते. क्रमांक सांगाड्याशी जुळत नसेल, तर चूक बहुधा वाचण्यात असते. सांगाडा मोडीत काढू नका.

## एक फोटो, पहिल्यापासून शेवटपर्यंत

समजा, विमान गवतावर उभं आहे, डावी बाजू आणि थोडं पुढून. तारीख नाही.

एक्झॉस्ट खाली, पाती तीन : जर्मन १०९, ई किंवा पुढचं. आडव्या शेपटीखाली टेकू नाही, डाव्या पंखाचं टोक गोल : एफ किंवा पुढचं. विंडस्क्रीनच्या कोपऱ्यात पत्रा : जी किंवा के. पंखावर लहान थेंबासारखा फुगवटा : बहुधा जी-४ किंवा पुढचं. टेंगूळ नाही, पण नाक गुबगुबीत, ऑइल कूलर खोल : जी-४ बाद, एएस किंवा डी इंजिन. कूलरच्या पुढे लिंबाएवढा उंचवटा दिसतो : जी-१० किंवा के-४. पाठीवरचं कडं दुसऱ्या आणि तिसऱ्या चौकटीच्या मधे, पंखावरचा फुगवटाही लहान : के-४ बाद.

कागदावर उत्तर : जी-१०, एर्लाचं नाही. टांगलेलं सामान ‘दिसत नाही’, म्हणून तिरक्या रेघेनंतर काही लिहायचं नाही. आता हाच फोटो कॅनॉपीपासून सुरू करून बघा. मोकळी कॅनॉपी, उंच शेपटी, ‘म्हणजे जी-१४’. दोन पावलांत चुकीच्या गावी.

## मॉडेल जोडणाऱ्यांसाठी, गोंद उघडण्यापूर्वी

अनेक संचांत एकाच खोक्यात दोन-तीन उपप्रकारांचे सुटे भाग असतात. वरचा कागद भरून झाल्यावरच साच्यातून भाग कापा, आणि या क्रमाने : आधी पंखाचे वरचे अर्धे भाग (सपाट, लहान फुगवटा की मोठा), मग काउलिंग, मग शेपटी, मग चाकं, शेवटी कॅनॉपी. तोफपेट्या लावायच्या असतील, तर पंखाचे दोन अर्धे चिकटवण्याआधी खालच्या भागाला आतून भोकं पाडा. नंतर बाहेरून पाडलेलं भोक सहसा जागेवर येत नाही.

१/४८ प्रमाणात ६५० आणि ६६० मिमीच्या चाकांच्या व्यासात फक्त ०.२ मिमीचा फरक पडतो, तो डोळ्याला कळत नाही. जाडी मात्र कळते : १६० चं चाक ३.३ मिमी, १९० चं जवळजवळ ४ मिमी. मागच्या चाकाचा व्यास ६ मिमी की ७.३ मिमी, हेही लगेच दिसतं. जी-६ वर ६ मिमीचं चाक लावलेली मॉडेल स्पर्धांच्या टेबलांवर सर्रास दिसतात. कॅलिपर नसेल, तर साधी मिलिमीटरची पट्टी पुरते.